परसबागेतील शोभेची गवते : लागवड आणि शब्दसंपत्ती

मराठीत 'गवत' हे पदार्थवाचक नाम आहे. पाणी, दूध, धान्य यांच्याप्रमाणे गवत मोजले जात नाही. ते मापले जाते. त्याची काडी असते, पेंढी असते, भारा असतो, गंजी असते. परंतु 'एक गवत' किंवा 'तीन गवते' असे बोलव्यवहारात सहसा कोणी म्हणत नाही. 'गवते' हे अनेकवचन भेटते ते वनस्पतिशास्त्राच्या व कृषिशास्त्राच्या ग्रंथांत, आणि तेथेही त्याचा अर्थ 'गवताच्या जाती' असा असतो, 'गवताची झाडे' असा नसतो. गुलाब लावला जातो, मोगरा लावला जातो; गवत मात्र 'उगवते', 'माजते' आणि मग ते 'काढावे' लागते. ज्या वस्तूला भाषेने एकवचनी व्यक्तित्वच दिलेले नाही, तिचे एकेक रोप निवडून, अंतर राखून, शोभेसाठी लावावयाचे ही कल्पना मराठी कानाला प्रथम विचित्र वाटते, याचे एक कारण या व्याकरणात आहे.

ही अडचण केवळ शब्दांची नाही. परसबागेत शोभेची गवते लावणाऱ्याला पहिली दृष्टी शिकावी लागते ती हीच, की गवताकडे पृष्ठभाग म्हणून न पाहता स्वतंत्र वनस्पती म्हणून पाहावे. हिरवळीत प्रत्येक काडी दुसरीत लोपलेली असते, व तशी ती लोपावी हाच हिरवळीचा हेतू असतो. शोभेच्या गवताचे उलट आहे. त्याला आकार असतो, उंची असते, वर्षभरातील अवस्था असतात. मराठीत या दृष्टीला जवळचा शब्द 'ठोंब' हा होय. ठोंब मोजता येतो, उपटता येतो, फोडता येतो व पुन्हा लावता येतो. पुढील विवेचनात या शब्दाचे काम वारंवार पडणार आहे.

वस्तुतः मराठी घराच्या परसात गवते नव्हती असे नाही. दूर्वा होत्या, गवती चहा होता, वाळा होता. मात्र यांपैकी एकालाही घरातील माणसे 'गवत' म्हणत नसत. दूर्वांचे उदाहरण तर विशेष बोधप्रद आहे. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा आणि शेतकऱ्याने कुळवामागून वेचून बांधावर टाकलेली हरळी ही एकच वनस्पती आहे. शास्त्रीय परिभाषेत तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात. पूजेच्या संदर्भात ती गणनीय असते : दूर्वा निवडल्या जातात, एकवीस मोजून त्यांची जुडी बांधली जाते. शेताच्या संदर्भात तीच अगणनीय होते : 'रानात हरळी माजली.' बंगल्याच्या दर्शनी भागात तिला 'लॉन' हे तिसरे नाव मिळते, आणि तेथे ती चौरस फुटांनी मापली जाते. वनस्पती एक, नावे तीन, आणि व्याकरणेही तीन.

अशीच गंमत 'तण' या शब्दात आहे. संस्कृत 'तृण' म्हणजे कोणतेही गवत. प्राकृतातील 'तण' या रूपातून तो मराठीत आला तो मात्र 'पिकात उगवलेली नको असलेली वनस्पती' या संकुचित अर्थाने. मग ती वनस्पती गवताच्या कुळातील असो वा नसो. हिंदीतील 'घास' मराठीत तोंडातला घास झाला. चाऱ्याच्या अर्थाने तो उरला आहे तो 'लसूणघास' या शब्दात, आणि लसूणघास तर शास्त्रदृष्ट्या गवतच नव्हे, तो द्विदल वर्गातील आहे. सारांश, मराठीने गवतांची विभागणी केली ती त्यांच्या रूपावरून नव्हे, तर जनावर, पीक आणि देव यांच्याशी असलेल्या त्यांच्या संबंधावरून.

रूपाची जाण भारतीय परंपरेत नव्हती, असा निष्कर्ष मात्र यावरून काढणे चुकीचे ठरेल. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'त शरद ऋतूचे वर्णन सुरू होते तेच काशाच्या फुलोऱ्याला तिचे वस्त्र कल्पून. काश म्हणजे नदीकाठी वाढणारे, उसाच्याच प्रजातीतील एक उंच गवत. परंतु ही शोभा रानातली, नदीकाठची. ती उचलून बागेत आणण्याचा विचार संस्कृत कवीला सुचण्याचे कारण नव्हते. तो विचार पद्धतशीरपणे मांडला गेला तो विसाव्या शतकात युरोपात. जर्मनीतील पोट्सडॅमजवळच्या बोर्निम येथील रोपवाटिकाकार कार्ल फोर्स्टर (१८७४–१९७०) यांनी गवते व नेचे यांच्या उद्यानप्रवेशावर १९५७ साली एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्यानंतरच्या काळात अमेरिकेत व युरोपात गवतप्रधान उद्यानांची एक परंपराच निर्माण झाली. न्यूयॉर्कमधील जुन्या उंच रेल्वेमार्गावर २००९ साली खुले झालेले 'हाय लाइन' हे उद्यान तिचे बहुपरिचित उदाहरण होय. भारतीय रोपवाटिकांत आज 'ऑर्नामेंटल ग्रास' या नावाखाली जे मिळते, ते या परंपरेतून आलेले आहे. त्याबरोबर नावेही आली आणि लागवडीच्या सूचनाही आल्या. या सूचना बहुधा इंग्रजीतून जशाच्या तशा येतात व त्यांची परिभाषा परकी वाटते. वास्तविक या लागवडीला लागणारा प्रत्येक शब्द ज्वारी, बाजरी, भात आणि ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या बोलीत तयार आहे. आणि शब्द तयार आहे याचा अर्थ ज्ञानही तयार आहे. ही चारही पिके गवताच्याच कुळातील आहेत, हे बागकाम करणाऱ्याच्या क्वचितच ध्यानात येते.

प्रथम ओळख. गवताचा दांडा बहुधा गोल असतो आणि त्याला पेरे असतात. पेर हे या कुळाचे सर्वांत सोपे लक्षण होय; उसाला, बांबूला व हरळीला ते सारखेच लागू पडते, आणि बोटाच्या सांध्यालाही मराठीत तोच शब्द आहे. ज्याचा दांडा तिधारी, भरीव व पेरहीन असतो ते गवत नव्हे, ते लव्हाळ्याच्या कुळातील होय. तुकोबांच्या अभंगामुळे सर्वपरिचित झालेला लव्हाळा या अर्थाने गवत नाही. पाण्याजवळ हौसेने लावले जाणारे छत्रीच्या आकाराचे 'अम्ब्रेला प्लांट' हेही त्याच कुळातले. रोपवाटिकेत 'माँडो ग्रास' म्हणून विकले जाणारे गर्द हिरवे रोप तर शतावरीच्या कुळातील आहे. नावात 'ग्रास' असणे हा पुरावा नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि परसबागेचे भवितव्य तिच्यावर अवलंबून आहे. गवताचा विस्तार दोन रीतींनी होतो. काही गवते मुळाशी फुटवे फोडतात. हे फुटवे एकमेकांना चिकटून वर येतात व ठोंब दरवर्षी थोडा थोडा रुंदावतो. इतर गवते जमिनीखालून किंवा जमिनीसरशी आडवे दांडे पाठवितात व हात-दीड हातावर नवे मूळ धरतात. हरळीच्या या भूमिगत दांड्यांना शेतकरी 'काशा' म्हणतो. काशा वेचणे हे उन्हाळ्यातील कष्टाचे काम, कारण तुकडा राहिला तरी तो फुटतो. कुंदा आणि लव्हाळा यांचीही हीच ख्याती. लव्हाळ्याच्या बाबतीत काशांबरोबर गाठीही असतात. इंग्रजी पुस्तके या भेदासाठी दोन पारिभाषिक संज्ञा योजतात व पानभर स्पष्टीकरण देतात. मराठी शेतकऱ्याला 'याला काशा आहेत का?' एवढा प्रश्न पुरतो. ज्याला काशा आहेत ते गवत परसबागेतील वाफ्यात लावू नये. लावायचेच असेल तर कुंडीत लावावे.

या कसोटीवर वाळा उत्तीर्ण होतो. त्याला काशा नाहीत. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात व अनुकूल जमिनीत दोन-तीन मीटर खोल पोहोचतात. दक्षिण भारतात लागवडीत असलेल्या वाळ्याला रुजणारे बी जवळजवळ धरत नाही, त्यामुळे तो लावला तेथेच राहतो. या गुणामुळेच १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या भारतातील मृद्संधारणकार्यात बांधावर वाळ्याची दाट ओळ लावण्याचा पुरस्कार झाला, आणि १९९३ साली अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन परिषदेने त्यावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. जगभर प्रचलित असलेला 'व्हेटिव्हर' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत गेला असला तरी तो मुळात तमिळ 'वेट्टिवेर' आहे. 'वेर' म्हणजे मूळ. तमिळ नावाने मुळाकडे पाहिले, मराठी व्यवहारानेही मुळाकडेच पाहिले : पडदे, माठातील जुडी, अत्तर, सरबत. वाळ्याच्या पात्यांचा कारंज्यासारखा झुकणारा, माणसाच्या उंचीचा ठोंब डोळ्यांना काय देतो, याची दखल कोणत्याच नावाने घेतली नाही. शोभेच्या गवतांच्या शोधात दूरदेशी जाणाऱ्याने आरंभ येथून करावा.

गवती चहाचेही तसेच. लागवडीतील गवती चहा क्वचितच फुलोऱ्यावर येतो. त्याचा प्रसार ठोंब फोडूनच होतो, म्हणजे तो स्वतः होऊन कोठे जात नाही. त्याचा भाऊबंद रोशा मात्र फुलतो व बी टाकतो. रोशाच्या मोतिया व सोफिया या दोन प्रकारांपैकी मोतियाचे तेल गुलाबासारख्या वासाचे असते. एके काळी खानदेशात काढले जाणारे हे तेल मुंबईहून पश्चिमेकडे जात असे व गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. बाजारात त्याचे नाव 'तुर्की जिरेनियम तेल' असे होते. ज्यात तुर्कस्तानचे काही नाही, जिरेनियमचे काही नाही, अशा या नावाला व्यापारी नामकरणाचा नमुना म्हणून जपून ठेवण्यास हरकत नाही.

आता लागवड. ठोंब पावसाच्या प्रारंभी फोडावा. प्रत्येक तुकड्याला मुळांसह तीन-चार फुटवे असावेत, पाती वीतभर ठेवून छाटावीत, म्हणजे मूळ धरेपर्यंत पाण्याचा खर्च कमी होतो. वाळा, गवती चहा यांसारख्या मोठ्या ठोंबांना दोन-अडीच फुटांचे अंतर द्यावे. प्रथम वर्षी ते अंतर उधळपट्टीचे वाटते, दुसऱ्या वर्षी नाही. ऊन दिवसाकाठी निदान सहा तास हवे. खत जपून द्यावे. नत्र अधिक झाल्यास पाती लुसलुशीत व उंच होतात आणि पहिल्या जोरदार सरीत ठोंब मधून फाकतो. शेतकऱ्याच्या भाषेत पीक 'लोळते'. इंग्रजी सूचनांत 'समृद्ध माती' असा जो सरसकट आग्रह असतो, तो येथे उपकारक नाही. बहुसंख्य गवते हलक्या, निचऱ्याच्या जमिनीतच डौलदार राहतात.

वाढीच्या अवस्थांसाठी मराठीत जी क्रियापदे आहेत ती कोणत्याही उद्यानग्रंथाला हेवा वाटावी अशी आहेत. गवत प्रथम फुटवे धरते. मग दांडा चढू लागतो. मग ते 'पोटरीत येते', म्हणजे वरच्या पानाच्या आवरणात फुलोरा फुगलेला दिसतो. मग ते 'निसवते'. पोटरीपासून निसवण्यापर्यंतचे काही दिवस हे शोभेच्या गवताचे खरे पाहण्याचे दिवस होत, आणि याच काळात पाण्याचा ताण पडल्यास फुलोरा अडकतो, हेही ज्वारी पिकविणाऱ्याला सांगावे लागत नाही. निसवलेल्या फुलोऱ्याला मात्र मराठीत एक नाव नाही. बाजरीला, ज्वारीला कणीस, गव्हाला, भाताला लोंबी, उसाला तुरा. मक्याच्या एकाच झाडाला शेंड्यावर तुरा असतो व कमरेला कणीस. या वाटणीत आकाराचा भाग थोडा, अन्नाचा भाग अधिक : ज्यातून दाणा खावयास मिळतो ते कणीस किंवा लोंबी; ज्यातून मिळत नाही तो तुरा. उसाला तुरा येणे तर शेतकऱ्याला नकोसेच, कारण त्यानंतर वाढ थांबते व पुढे साखरेचा उतारा घसरतो. तथापि 'तुरा' हा शब्द मुळात अरबी-फारसीतून आलेला आणि पागोट्यावरील भूषणासाठी रूढ झालेला आहे. म्हणजे ज्या एका अवयवासाठी शोभेची गवते लावली जातात, त्याला मराठीने दिलेले नाव आधीपासूनच अलंकाराचे आहे. इंग्रजीतील 'प्लूम' उसना घेण्याची आवश्यकता नाही.

छाटणीचे तत्त्व समजण्यास 'खोडवा' हा शब्द पुरेसा आहे. ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यातून दुसरे पीक येते, कारण गवताचे वाढीचे डोळे जमिनीलगत असतात. पात्याचीही वाढ टोकाला न होता बुडाशी होते. म्हणूनच चरून, कापून, जळूनही गवत पुन्हा उठते. शोभेच्या गवताचा ठोंब वर्षातून एकदा जमिनीपासून वीतभर ठेवून कापावा, तो याच आधारावर. पण केव्हा? कार्ल फोर्स्टर यांच्या बोर्निममध्ये वाळलेले ठोंब हिवाळाभर हिमकण अंगावर घेऊन उभे राहतात व वसंताच्या तोंडाशी कापले जातात. तेथील ग्रंथांत हेच वेळापत्रक आढळते. महाराष्ट्रात गवताची विश्रांती थंडीने ठरत नाही, कोरडेपणाने ठरते. रानगवते भाद्रपद-आश्विनात निसवतात, कार्तिकापासून सोनेरी होतात आणि तशीच उन्हाळ्यापर्यंत राहतात. ज्या बागेत उन्हाळ्यात पाणी दिले जाते तेथे फाल्गुनात कापणी करावी, वाढत्या उष्म्याबरोबर खोडवा लागलीच फुटतो. पाणी नसल्यास वैशाखात, मृगाच्या पूर्वी. घराच्या भिंतीला लागून उंच ठोंब वाळत ठेवू नयेत. वाळले गवत हे सरपण आहे. तीन-चार वर्षांनी ठोंबाचा मध्यभाग पोकळ होतो, तेव्हा तो उकरून, कडेचे जोमदार फुटवे निवडून पुन्हा लावावा.

येथपर्यंत भाषा साहाय्य करते. रोपवाटिकेच्या पाटीवर मात्र ती दिशाभूल करू लागते. सर्वत्र आढळणारे 'फाउंटन ग्रास' याचे उत्तम उदाहरण होय. गुलाबी-पांढऱ्या मऊ तुऱ्यांचे हे गवत आफ्रिका व पश्चिम आशिया यांतील कोरड्या प्रदेशांचे. पेनिसेटम सेटेशियम या नावाने ते दीर्घकाळ ओळखले गेले. हवाई बेटांत बागेसाठी आणलेले हे गवत बागेबाहेर पडले, लाव्हाच्या उतारांवर पसरले आणि जेथे पूर्वी वणवा क्वचित लागे तेथे वणव्याचे इंधन झाले. युरोपीय संघाने २०१७ साली आक्रमक परकीय जातींच्या यादीत त्याचा समावेश केला. पाटीवरील 'कारंजे' या नावातून यातील काहीच कळत नाही. महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील माळांचे हवामान या गवताला परके वाटावे असे नाही, ही गोष्ट खरेदीपूर्वी विचारात घेणे इष्ट. जांभळ्या पानांचा त्याचा बागायती प्रकार बहुतांशी वांझ असतो. तुऱ्यांचा मोह असल्यास तो घ्यावा. लाल पात्यांच्या 'रेड बॅरन'विषयीही सावधगिरी हवी, कारण त्याची मूळ जात, इम्पेराटा सिलिंड्रिका, काशांनी पसरणारी व जगातील अत्यंत त्रासदायक तणांत गणली जाणारी आहे.

शास्त्रीय नामांच्या बाजूने या प्रकरणाला आणखी एक वळण आहे. २०१० साली पेनिसेटम ही प्रजाती सेंक्रस या प्रजातीत विलीन करण्यात आली. परिणामी फाउंटन ग्रास, बाजरी आणि माळावरचे अंजन ही तिन्ही आता एकाच प्रजातीची ठरतात. अंजन हे महाराष्ट्रात चाऱ्याचे मोलाचे गवत मानले जाते. (खानदेशातील अंजनाचा वृक्ष निराळा.) तेच अंजन ॲरिझोनाच्या वाळवंटात व ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात आक्रमक ठरले असून तेथे ते उपटण्याच्या मोहिमा चालतात. उलट बाजरीच्या एका जांभळ्या वाणाला, 'पर्पल मॅजेस्टी'ला, २००३ साली अमेरिकेत शोभेची वनस्पती म्हणून सुवर्णपदक मिळाले. 'तण', 'चारा', 'पीक', 'शोभा' हे वनस्पतीचे गुण नव्हेत, ती स्थाने आहेत. आणि स्थान बदलल्यावरही वनस्पती आपला स्वभाव सोडत नाही. 'तृण'चे 'तण' झाले तेव्हा भाषेत जे घडले ते येथे भूमीवर घडताना दिसते.

मग माळावरची गवतेच परसात का आणू नयेत? हा प्रश्न रास्त आहे, पण सर्वच गवते त्यासाठी योग्य नाहीत. कुसळी गवत सोनेरी दिसते, परंतु त्याच्या दाण्याला टोकदार बूड व लांब पिळदार शेपटी असते. हवेतील ओलाव्याबरोबर ती शेपटी पीळ सोडते व पुन्हा वळते, आणि दाणा गिरमिटासारखा मातीत, कपड्यात वा मेंढीच्या अंगात शिरतो. अवयवाचे नाव वनस्पतीला पडावे इतका हा अवयव जाचक. म्हणीतही दुसऱ्याच्या डोळ्यात जे दिसते ते कुसळच. मुलांच्या वावराच्या जागी ते नको. पवना, शेडा, डोंगरी, मारवेल यांचा विचार मात्र अवश्य व्हावा. अडचण अशी की ही नावे रोपवाटिकेत कोणाला ठाऊक नसतात आणि ज्यांना ठाऊक आहेत त्यांच्याकडे कोणी बागेसाठी विचारावयास जात नाही. शिवाय एकच नाव दोन तालुक्यांत दोन गवतांना लावले जाते, तेव्हा नावाबरोबर निसवलेला नमुना पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. शब्दसंग्रहाचे क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांनीही ही दक्षता घेतली पाहिजे. केवळ नावांची यादी येथे निरुपयोगी ठरते.

मारवेल त्या मानाने सुलभ आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात चाऱ्याचे पीक म्हणून त्यावर काम झालेले आहे आणि त्याचे ठोंब चारापिकाच्या शेतकऱ्याकडून मिळू शकतात. ते गुडघा-कमरेएवढे वाढते, तुरे बोटांसारखे फाकलेले व निळसर-जांभळी झाक असलेले असतात, दर छाटणीला खोडवा चांगला येतो. ओळखण्याची खूण पेरावर आहे : प्रत्येक पेराभोवती पांढऱ्या मऊ केसांचे कडे असते, आणि डायकँथियम ॲन्युलेटम या त्याच्या शास्त्रीय नावातील दुसऱ्या पदाचा अर्थही 'कडे असलेले' असाच आहे. ठोंब घेताना ही खूण पाहून घ्यावी.